आपल्या जागेचे चार नकाशे

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने माझ्याकडे 'आपल्या जागेचा इतिहास' हा विषय सोपवला. मी बँकेत ३६ वर्षे नोकरी केली, त्यातली बरीचशी हिशेब जुळवण्यात गेली. इतिहास हा काही माझा प्रांत नाही. पण गेल्या दोन वर्षांत जे घडलं ते लिहून ठेवायला हवं असं वाटलं, म्हणून होकार दिला. सोसायटीची नोंदणी २००० सालची. त्याआधी इथे काय होतं, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. मलाही नव्हतं.

सुरुवात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीपासून करतो. त्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि दक्षिण पुण्यात हाहाकार उडाला. अनेक माणसे प्राणाला मुकली. आपल्या मागून वाहणारा छोटा ओढाही फुगला. पार्किंगमध्ये कमरेइतकं पाणी, तरंगणाऱ्या स्कूटर, बंद पडलेला जनरेटर हे सगळं आपण पाहिलं आहे. पाणी ओसरलं, पण एक प्रश्न मागे राहिला: हे पाणी आपल्याकडेच का आलं?

तीन-चार वर्षांनी या प्रश्नाला व्हॉट्सॲपवर उत्तर मिळालं. एका सभासदांच्या ओळखीच्या माणसाने जुना सरकारी नकाशा आजच्या उपग्रहचित्रावर चिकटवून पाठवला. त्यात ओढ्याची निळी रेघ थेट बी इमारतीच्या मधून गेलेली! झालं. "बिल्डरने ओढा बुजवून इमारत बांधली," असं त्या रात्रीपासून जो तो सांगू लागला. बी इमारतीतल्या एका वहिनी फ्लॅट विकून मुलाकडे राहायला जाणार होत्या. त्यांचा व्यवहार ठरलेला होता. घेणाऱ्यापर्यंत ते चित्र पोहोचलं आणि त्याने टोकन परत मागितलं.

वार्षिक सभेत आरडाओरडा झाला. शेवटी कुणीतरी म्हणालं, "साहेबांना हिशेब तपासायची सवय आहे, त्यांनाच बघू द्या." मी नको नको म्हणत होतो, पण ठराव होऊन गेला. माझी नात भूगोलात एम.एस्सी. करते. तिच्या भरवशावर मी गप्प बसलो.

घरी येऊन तिला ते चित्र दाखवलं. तिने अर्धा मिनिट पाहिलं आणि विचारलं, "आबा, हा नकाशा कोणत्या पृथ्वीवरचा आहे?"

मला वाटलं, पोरगी थट्टा करते आहे. ती थट्टा नव्हती.

ते चित्र भारतीय सर्वेक्षण विभागाच्या एकास पन्नास हजार प्रमाणाच्या नकाशाचं होतं. आपला भाग ४७ एफ/१५ या क्रमांकाच्या पत्रकात येतो. या नकाशांची मुळं फार जुनी आहेत. १८०२ साली विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी पायारेषा मोजली आणि त्रिकोणांवर त्रिकोण जोडत हिंदुस्थान मोजायला घेतला. हे काम करता करताच १८२३ साली ते आपल्या हिंगणघाटला वारले, त्यांची कबर तिथेच आहे. पुढे ते काम जॉर्ज एव्हरेस्ट यांनी हाती घेतलं. पृथ्वी चेंडूसारखी गोल नाही, ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. किती चपटी, याचं एव्हरेस्ट यांनी १८३० साली गणित मांडलं आणि मध्य प्रदेशातलं कल्याणपूर हे मूळ ठाणं धरून सगळ्या देशाचे अक्षांश-रेखांश त्या गणिताने ठरले. त्या काळी आकाशात उपग्रह नव्हते. हिंदुस्थानाला नीट बसेल असा पृथ्वीचा आकार त्यांनी घेतला. त्या आकाराचा मध्यबिंदू पृथ्वीच्या खऱ्या मध्यापासून काहीशे मीटर बाजूला पडतो.

आजचं उपग्रहचित्र मात्र डब्ल्यूजीएस ८४ या मापावर असतं. आपल्या मोबाईलमधला जीपीएससुद्धा तेच वापरतो. त्याचा मध्य पृथ्वीच्या वस्तुमानाच्या मध्याशी धरलेला आहे. त्यामुळे एकाच दगडाचे अक्षांश-रेखांश जुन्या नकाशात एक आणि नव्यात दुसरे येतात. दोन्ही बरोबर, पण दोन वेगळ्या वह्यांमधले. जुन्या नकाशावरचे आकडे न बदलता नव्यावर ठेवले, तर आपल्या भागात सगळं सुमारे १०० मीटर दक्षिणेला आणि ७५-८० मीटर पूर्वेला सरकतं.

बँकेत असतो तर मी म्हटलं असतं, डॉलरच्या खात्यातली रक्कम कुणीतरी रुपयांच्या रकान्यात तशीच उतरवली. आकडा तोच, अर्थ पार बदललेला.

नातीने नकाशा नीट रूपांतरित केला आणि निळी रेघ सरकली. बी इमारतीतून निघाली, पार्किंग ओलांडलं आणि आपल्या पश्चिमेच्या कुंपणाजवळ, जिथे आजही ओढा वाहतो तिथे जाऊन बसली. मला हायसं वाटलं. लगेच फोन उचलून अध्यक्षांना सांगावं असंही वाटलं. नातीने हात धरला. "आबा, घाई नको. हे फक्त एक खातं जुळलं."

तिचं बरोबर होतं. या प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ५० मीटर. ओढ्याची रेघ अर्धा मिलिमीटर जाड काढलेली असली, तर तीच २५ मीटर रुंद होते. ओढा कुंपणाच्या आत की बाहेर, हे अशी रेघ सांगूच शकत नाही.

म्हणून आम्ही चार नकाशे जमवले. पहिला हा. दुसरा उंचीचा. अमेरिकेच्या एंडेव्हर या अंतराळयानाने फेब्रुवारी २००० मध्ये ११ दिवसांच्या फेरीत रडारने पृथ्वीचे चढउतार मोजले, ते आता सर्वांना फुकट मिळतात. आपली सोसायटी नोंदली गेली त्याच वर्षीची ही मोजणी, याची मला गंमत वाटली. तिसरं आजचं उपग्रहचित्र. चौथा आपल्या मूळ गावाचा नकाशा, भूमी अभिलेख कार्यालयातून रीतसर नक्कल काढलेला.

हे सारे संगणकावर 'रास्टर' म्हणून येतात. रास्टर म्हणजे चौकटींचा कागद. प्रत्येक चौकटीत एक आकडा, कुठे उंचीचा, कुठे रंगाचा. आता नारळाला कागद गुंडाळून पाहा, कुठेतरी सुरकुती पडतेच. गोल पृथ्वी सपाट कागदावर आणतानाही तेच होतं. ती सुरकुती कुठे घ्यायची याच्या वेगवेगळ्या रीती आहेत, त्यांना प्रक्षेपण म्हणतात. सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे पॉलिकोनिक रीतीचे. उपग्रहचित्र यूटीएम रीतीचं, त्यातला आपला पट्टा ४३ वा, ७२ ते ७८ अंश पूर्व. उंचीचा नकाशा नुसत्या अक्षांश-रेखांशात. त्याची चौकट एक सेकंद गुणिले एक सेकंद असते. कागदावर चौरस, पण पुण्यात प्रत्यक्ष जमिनीवर उत्तर-दक्षिण सुमारे ३०.७ मीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे २९.३ मीटर, कारण रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जाताना एकमेकींच्या जवळ येतात.

क्यूजीआयएस नावाची फुकट मिळणारी प्रणाली आहे, २००२ पासून जगभरचे लोक ती मिळून घडवतात. तीत हे नकाशे एकावर एक आपोआप दिसतात. मी म्हटलं, "झालं की जुळून!" नात म्हणाली, "हे पडद्यापुरतं आहे. फाइली आतून जशा होत्या तशाच आहेत. बेरीज-वजाबाकी करायला गेलो की भांडण सुरू होईल."

मग तिने जो क्रम पाळला तो मी वहीत लिहून ठेवला. कुणाला उपयोगी पडला तर पडेल.

आधी प्रत्येक नकाशाचं मूळ माप विचारायचं. ते चुकीचं लिहिलेलं असेल तर दुरुस्त करायचं. नुसतं नाव बदलणं वेगळं आणि रूपांतर करणं वेगळं. पाकिटावरचा पत्ता बदलल्याने घर हलत नाही. नंतर सगळे नकाशे एका मापात आणायचे, आम्ही यूटीएम ४३ घेतलं. त्यानंतर चौकटी जुळवायच्या. दोन नकाशे एका मापात आले, तरी एकाची चौकट दुसऱ्याच्या अर्ध्यावर पडू शकते. एकाला प्रमुख मानायचं आणि त्याचा आरंभबिंदू, चौकटीची लांबी-रुंदी, ओळी आणि स्तंभ बाकीच्यांनी घ्यायचे. कापायचं सगळ्यात शेवटी.

चौकटी हलवताना आकडे नव्याने बसवावे लागतात. उंचीच्या बाबतीत आजूबाजूच्या चार आकड्यांवरून मधला काढला तर चालतं. गट नंबरांच्या नकाशाला मात्र सर्वांत जवळचा आकडा जसाच्या तसा घ्यायचा. ११२ आणि ११४ यांची सरासरी ११३ येते, पण ११३ गट दुसऱ्याच कुणाचा तरी असतो. हे मला एका झटक्यात पटलं. खातेक्रमांकांची सरासरी कोण काढतो?

कापताना आमच्या दोन चुका झाल्या. पहिल्यांदा आम्ही आपल्या कुंपणाच्या आकारात नकाशा कापला. आपला प्लॉट ८० गुंठे, म्हणजे उंचीच्या नकाशात जेमतेम नऊ चौकटी! नऊ आकड्यांवरून पाणी कुठून येतं ते काय कळणार? पाणी कुंपण पाहून वाहत नाही. मग आम्ही वरच्या डोंगराच्या धारेपर्यंत, म्हणजे ज्या सगळ्या उतारांचं पाणी आपल्या ओढ्यात येतं त्या पाणलोटापर्यंत हद्द वाढवली. दुसरी चूक अशी की, कापलेल्या आकाराबाहेरच्या चौकटीत शून्य भरलं गेलं. संगणकाला वाटलं, कडेला समुद्रसपाटी आहे, आणि त्याने सगळं पाणी तिकडे ओतलं. 'माहिती नाही' यासाठी वेगळी खूण द्यावी लागते. खात्यात शून्य शिल्लक असणं आणि खातंच नसणं, यातला फरक मी नव्या कारकुनांना वर्षानुवर्षे शिकवला. तोच धडा नातीकडून पुन्हा शिकलो.

या तीन नकाशांवरून एवढं कळलं की जुन्या पत्रकात डोंगराच्या पायथ्याशी जिथे मोकळी जमीन आहे, तिथे आजच्या चित्रात छपरंच छपरं आहेत. पूर्वी मुरणारं पाणी आता ओढ्यात धावत येतं. पण कुंपणाचा प्रश्न उरलाच होता. त्याचं उत्तर चौथ्या नकाशात होतं.

गावनकाशाचा वंश अगदीच वेगळा. इंग्रजी अमलाच्या सुरुवातीला प्रिंगल यांनी पुणे जिल्ह्यात केलेली मोजणी आणि आकारणी चुकांमुळे सोडून द्यावी लागली. मग १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी सुरुवात केली. शंकू आणि साखळी घेऊन शेत न् शेत मोजलं गेलं. साखळी ३३ फुटांची, तिचे भाग १६ आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद तो एक गुंठा, म्हणजे १,०८९ चौरस फूट, आणि ४० गुंठ्यांचा एकर. आपण आजही फ्लॅटच्या गप्पांत गुंठे म्हणतो, ते या साखळीचे. या नकाशात अक्षांश-रेखांश नाहीत, कारण मोजणाऱ्याला पृथ्वीचा आकार नको होता, शेतसारा हवा होता. शेताचे कोपरे, बांध, विहिरी आणि ओढे मात्र काळजीपूर्वक दाखवलेले आहेत.

असा नकाशा आजच्या चित्रावर बसवायचा तर दोन्हीकडे सापडणारी ठिकाणं लागतात. पहिल्यांदा आम्ही तीन घेतली: म्हसोबाचं देऊळ, तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड आणि विहीर. चूक आली शून्य! मी खूश झालो. नात म्हणाली, "आबा, तीन बिंदूंना चूक शून्यच येते. खोटे घेतले तरी येईल." ताळेबंद जुळला म्हणून व्यवहार खरे ठरत नाहीत, हे मला कुणी सांगायला नको होतं. मग सात बिंदू घेतले. सहा नीट बसले, विहिरीचा मात्र दूर फेकला गेला. गावातल्या एका जुन्या शेतकरी आजोबांना विचारलं. ते म्हणाले, "ती न्हवं. नकाशातली हीर बुजवली कवाच. ही नंतरची." विहीर वगळली आणि नकाशा बसला.

आणि मग ते दिसलं.

ओढा बी इमारतीखालून जात नाही, ए आणि सी खालूनही नाही. पण आपल्या वायव्य कोपऱ्यात तो एक मोठं वळण घेतो, आणि त्या वळणाचं पोट आपल्या कुंपणाच्या आत आहे. आज तिथे मुलांची बाग आणि जनरेटरची खोली आहे. जुन्या सात-बारावर सहा गुंठे पोटखराब लिहिलेलं आहे, ते हेच. मी तो सात-बारा पूर्वीही अनेकदा पाहिला होता. क्षेत्राची बेरीज जुळते ना, एवढंच पाहत आलो होतो.

त्या बाजूची भिंत बिल्डरने बांधलेली नाही. त्याने तारेचं कुंपण दिलं होतं. भिंत २००६ साली आपण बांधली. तेव्हा मी खजिनदार होतो. वळणावळणाने बांधली तर खर्च वाढतो, सरळ बांधली तर कमी लागतो आणि बागेला जागाही मिळते, असं मीच सभेत सांगितलं होतं. इतिवृत्तात आहे. कंत्राटदाराच्या बिलाच्या व्हाउचरवर माझी सही आहे. ओढ्याच्या वळणात आपण सरळ भिंत घातली, आणि २०१९ साली ओढा आपल्या जुन्या जागी परत आला.

दोन दिवस मी कुणालाच काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी हिने विचारलं, "भिंत तुम्ही बांधली म्हणून नकाशा बदलणार आहे का?" पुढच्या सभेत मी चारही नकाशे पडद्यावर दाखवले. आधी ती सरकलेली निळी रेघ, मग दुरुस्त केलेली, मग गावनकाशातलं वळण, आणि शेवटी माझ्या सहीचं व्हाउचर. कुणी ओरडलं नाही. एक जण म्हणाला, "तेव्हा आम्हीही हात वर केले होते, काका." ते ऐकून बरं वाटलं, पण त्याने सही पुसली जात नाही.

पुण्याला ओढे वळवणं नवं नाही. खुद्द आंबिल ओढा पेशवाईत नानासाहेबांच्या काळात वळवला गेला. पण त्यांनी पाण्याला दुसरी वाट दिली होती. आपण फक्त पहिली बंद केली.

जनरेटर आता पोडियमवर हलवला आहे. त्या कोपऱ्यातल्या भिंतीचा काही भाग पाडून तिथे लोखंडी जाळी बसवायची, असा ठराव झाला आहे. आम्ही घरी जुळवलेला नकाशा कायद्याने पुरावा होत नाही, म्हणून सरकारी मोजणीसाठी अर्ज केला आहे. मोजणीत जी हद्द निघेल ती मान्य करायची, असंही सर्वानुमते ठरलं आहे. बाग थोडी लहान होईल.

बी इमारतीच्या वहिनींचा तो ग्राहक मात्र परत आला नाही. मी स्वतः त्याला नकाशे दाखवायला तयार होतो. वर्षभराने त्यांनी कमी किमतीत फ्लॅट विकला आणि त्या मुलाकडे गेल्या. जाताना म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही खरं काढलंत, पण उशीर झाला." चुकीच्या नकाशाची किंमत त्यांनी भरली, आणि ते चित्र पाठवणाऱ्याला त्याचा पत्ताही नाही.

सोसायटीच्या दप्तरात आता एक निळी फाइल आहे. चारही नकाशांच्या प्रती, प्रत्येकाचं माप, कोणत्या सात ठिकाणांवरून गावनकाशा बसवला, कोणतं का वगळलं, हे सगळं तिच्यात लिहिलं आहे. शेवटी २००६ च्या व्हाउचरची नक्कल लावली आहे. पुनर्विकासाची चर्चा सुरू होईल तेव्हा नव्या कमिटीने ती फाइल उघडावी. नवे आराखडे येतील, ते सुंदर रंगवलेले असतील. त्यांच्यावर सही करण्याआधी एवढंच विचारावं, हा नकाशा कोणत्या मापावरचा आहे, आणि तो कापताना कडेचं काय काय सुटलं आहे?